फोडणीचा वास आणि हाताचा कंप

डही हे धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं तहसिलीचं गाव. कुक्षी मागे टाकून नर्मदेच्या अंगानं पुढे सरकलं, की हा डोंगराळ पट्टा लागतो. वस्ती मुख्यतः भिल आणि भिलाला समाजांची. शेतात मका नि उडीद, बांधावर ताड आणि मोह, होळीच्या आधी भगोरियाचे हाट. या मुलखात पाहुणा घरी आला आणि त्याला मनापासून खाऊ घालायचं ठरलं, तर दाल-पानिया होतात.

पानियाची कृती ऐकायला अगदी साधी आहे. मक्याचं जाडसर पीठ मीठ-पाण्यात घट्ट भिजवायचं, गोळा तळहातावर चपटा करायचा आणि दोन पानांच्या मध्ये ठेवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचा. पान करपतं, त्याचा धूर पिठात उतरतो. भाजून झाल्यावर करपलेलं पान सोललं, की पानियाच्या अंगावर पानाच्या शिरा जशाच्या तशा उठलेल्या दिसतात. वर तुपाची धार, शेजारी लसणीच्या फोडणीची उडदाची डाळ, झणझणीत मिरची, लिंबाची फोड.

यातलं जिभेला किती कळतं? मिठाचा खारटपणा, लिंबाचा आंबटपणा, मक्याचा थोडासा गोडवा. बस्स, एवढंच. भाजल्या मक्याचा खरपूसपणा, धूर, तूप, लसूण, हिंग या सगळ्यांची खबर जिभेला नसते. ती नाकाची कामगिरी.

पटत नसेल तर घरच्या घरी पाहता येतं. चिमूटभर बडीशेप घ्या. नाकपुड्या बोटांनी घट्ट दाबा आणि मगच ती तोंडात टाकून चावा. दाताखाली काड्या येतील, किंचित गोडसर लागेल, आणि आपण नेमकं काय खातोय हे सांगणंही अवघड होईल. चावता चावता नाक सोडा. पुढच्याच श्वासाला बडीशेप ‘येते’, तीही तोंडातच आल्यासारखी. गंमत हीच आहे. घास चावताना सुटणारे गंधकण घशाच्या मागच्या वाटेनं वर नाकात चढतात. पण मेंदू त्या वासाचा पत्ता लिहितो तोंडाचा. म्हणून आयुष्यभर आपण नाकाचं श्रेय जिभेला देत राहतो, आणि नाकानं काम थांबवलं की तक्रारही जिभेचीच करतो: “तोंडाला चवच नाही.”

पार्किन्सन, म्हणजे कंपवात, झालेल्या वडीलधाऱ्या माणसांच्या घरात हे वाक्य फार ऐकू येतं. “आज फोडणी घातली नाहीस का?” “अहो आई, घातली की. लसूणही घातलाय.” मग कुणी म्हणतं वयामुळे, कुणी म्हणतं नखरे. कुणी औषधांना दोष देतं. या तक्रारीच्या मुळाशी मात्र मेंदूविज्ञानातल्या एका विलक्षण शोधाची गोष्ट आहे.

पाच चवी, चारशे कुलुपं

जिभेचा कारभार आटोपशीर आहे. गोड, आंबट, खारट, कडू आणि मांस, टोमॅटो, अळंबी यांत जाणवणारी उमामी अशा पाच चवी. प्रत्येक स्वादकलिकेत 50 ते 100 पेशी असतात आणि त्यांचं आयुष्य साधारण दहा दिवसांचं. जुन्या गळतात, नव्या येतात. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा जो नकाशा शाळेत काढायला लावत, तो चुकीचा होता. पाचही चवी जिभेवर सगळीकडे कळतात. हा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसाही एकाहून अधिक आहेत, त्यामुळे एखादी दुबळी झाली तरी चव पूर्णपणे सहसा जात नाही.

नाकाचा व्याप कितीतरी मोठा. नाकाच्या छताशी काही चौरस सेंटिमीटरचा एक ओलसर पापुद्रा असतो. त्यातल्या चेतापेशींवर गंध ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लावला आणि 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एखादा वास म्हणजे या चारशेंपैकी कोणते ग्राहक किती जागे झाले, याची जुळणी. त्यामुळे मोजक्या ग्राहकांतून असंख्य वास ओळखता येतात. कधीकधी एकच रेणू दोन लांबच्या पदार्थांची सोयरीक जुळवतो. मक्याच्या लाह्यांना जो खमंग वास येतो, त्यातला एक मुख्य रेणू 2-ॲसिटिल-1-पायरोलिन. आंबेमोहोर आणि बासमती शिजताना घर दरवळतं तेही याच्यामुळेच. पाण्याच्या अब्जावधी भागांत त्याचा एखादाच कण असला, तरी माणसाच्या नाकाला तो कळतो.

या पापुद्र्यातून निघालेले बारीक चेतातंतू कवटीच्या तळाच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि घ्राणकंदात पोचतात. इथून वासाची वाट बाकीच्या इंद्रियांहून वेगळी होते. डोळा-कानांचे निरोप आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतात. वास मात्र स्मृती आणि भावनांशी जोडलेल्या भागांत जवळजवळ थेट शिरतो. मार्चमध्ये मोहाच्या फुलांचा सडा पडला, की त्या वासानं धार-झाबुआकडच्या माणसाला एकदम बालपण आठवतं, त्यामागे ही जवळची वाट आहे.

पार्किन्सनच्या खुणा फार लवकर उमटतात त्या जागांपैकी एक म्हणजे हाच घ्राणकंद.

कंपाच्या आधी

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये कंपवातावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांचं वर्णन होतं, त्यांतले काही तर त्यांनी केवळ रस्त्यानं जाताना पाहिलेले. थरथरणारा हात, पुढे झुकलेलं शरीर, मध्येच धावू लागणारी पावलं, सगळं त्यांनी अचूक टिपलं. वासाबद्दल त्यात अक्षर नाही. पुढची दीडशे वर्षं वैद्यकाची नजर हातापायांवरच खिळून राहिली. पार्किन्सनच्या रुग्णांचं घ्राणेंद्रिय पद्धतशीर तपासून, ते कमजोर झालेलं असतं असं सांगणारा अभ्यास प्रसिद्ध झाला तो 1975 मध्ये.

आज चित्र स्पष्ट आहे. पार्किन्सनच्या बहुसंख्य रुग्णांची वास ओळखण्याची क्षमता घटलेली असते, काही अभ्यासांत तर हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास निघालं आहे. त्यांतल्या पुष्कळांना स्वतःला त्याचा पत्ताच नसतो. ऐकू येईनासं झालं तर चारचौघांत अडतं, दिसेनासं झालं तर ठेच लागते. वास कमी झाला तर नुसतं जेवण फिकं होतं. तेही वर्षानुवर्षं हळूहळू, म्हणून ध्यानात येत नाही.

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एक धाडसी कल्पना मांडली. त्यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्या कुठे कुठे आहेत, हे टप्प्याटप्प्यानं नोंदलं. हे प्रथिन प्रत्येकाच्या मेंदूत असतंच. पार्किन्सनमध्ये त्याची घडी बिघडते आणि बिघडलेला रेणू शेजारच्या चांगल्या रेणूंनाही बिघडवतो. दुधात विरजण पडावं तसं. ब्राक यांच्या मते या गुठळ्या सर्वप्रथम दोन ठिकाणी दिसतात. एक घ्राणकंद, आणि दुसरं मेंदूच्या देठातलं ते केंद्र, जिथून व्हेगस नस निघून जठर-आतड्यांपर्यंत जाते. हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या डोपामिनच्या पेशी मेंदूत आणखी वर, एका काळसर पट्ट्यात असतात. तिथे पडझड नंतर सुरू होते, आणि हात थरथरू लागतो तोवर तिथल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. सगळ्याच रुग्णांत आजार याच क्रमानं पुढे जातो असं नाही, त्यावर वाद आहे. पण वास मंदावणं आणि बद्धकोष्ठता या दोन बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या तक्रारी कंपाच्या कितीतरी आधी का येतात, याचं उत्तर या कल्पनेतून मिळू लागलं.

पाठोपाठ पुरावाही आला. हवाईतल्या होनोलुलूमध्ये जपानी वंशाच्या वृद्ध पुरुषांचा दीर्घकाळ अभ्यास चालला होता. त्यातल्या दोन हजारांहून अधिक जणांची वास ओळखण्याची परीक्षा घेतली गेली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, परीक्षेत सर्वांत खालच्या गटात असलेल्यांना पुढच्या चार वर्षांत पार्किन्सन होण्याचा धोका वरच्या गटाच्या पाचपट होता. 2015 मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांत वास जाणं ही निदानाला बळ देणारी खूण म्हणून सामील झाली. 2023 मध्ये तर आणखी नवल कळलं. पाठीच्या कण्यातला द्रव काढून त्यात बिघडलेलं अल्फा-सिन्युक्लीन आहे का, हे ‘विरजण लावून’ पाहणारी एक चाचणी आहे. वास गेलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांत ती सुमारे 99 टक्के वेळा होकारार्थी आली. वास शाबूत असलेल्यांत सुमारे 78 टक्के.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. वास कमी होणं म्हणजे पार्किन्सन, असं मुळीच नाही. सर्दी, नाकातला मांसाचा कोंब, करोना, डोक्याला मार, तंबाखू आणि निव्वळ वय ही कारणं कितीतरी जास्त वेळा सापडतात. वास गेलेल्यांपैकी बहुतेकांना पार्किन्सन कधीच होत नाही.

औषधाला न जुमानणारं नाक

पार्किन्सनवरचं सर्वांत परिणामकारक औषध म्हणजे लेव्होडोपा. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. हा रेणू आपल्याला अजिबात परका नाही. सातपुडा-विंध्याच्या रानात झुडपांवर चढणारी खाजकुहिली सगळ्यांना माहीत असते ती तिच्या शेंगांवरच्या खाजऱ्या लवेमुळे. तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढल्याचा शोधनिबंध मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्ये प्रसिद्ध केला. पार्किन्सनवर लेव्होडोपा वापरात आलं 1960 च्या दशकात. (म्हणून कुहिलीचं चूर्ण परस्पर सुरू करू नये. त्यातही तेच औषध असतं, फक्त मात्रेचा भरवसा नसतो.)

लेव्होडोपानं आखडलेला हात सैल होतो, चाल सुटते. वास मात्र परत येत नाही. मग नाकातला बिघाड डोपामिनच्या तुटवड्याचा नाहीच का? 2004 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी रुग्णांचे घ्राणकंद तपासले तेव्हा उलटंच दिसलं: तिथे डोपामिनच्या पेशी कमी होण्याऐवजी दुपटीच्या घरात होत्या. घ्राणकंदात डोपामिन गंधाचा निरोप दाबण्याचं काम करतं. एकाच आजारात मेंदूच्या एका भागात डोपामिनचा दुष्काळ आणि दुसऱ्या भागात बहुधा त्याचीच गर्दी! हा गुंता अजून पुरता सुटलेला नाही.

आणि जीभ? तीही काही रुग्णांत मंदावते, पण नाकापेक्षा बरीच कमी. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात जिभेवर सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून चव तपासली, तेव्हा सुमारे चौथाई रुग्णांत खरोखरचा स्वाददोष आढळला. त्यात इतर गोष्टींची भर पडते. कंप कमी करायला दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी औषधं तोंड कोरडं पाडतात, आणि लाळेत विरघळल्याशिवाय चव स्वादकलिकेपर्यंत पोचतच नाही. काहींना गोळ्यांमुळे तोंडात धातूसारखी चव रेंगाळते. वरच्या कवळीनं टाळू झाकला जातो. पुष्कळ रुग्णांना गोडाची ओढ वाढते, असंही अभ्यासांत नोंदलं गेलं आहे. घरात आजोबा जिलबी मागून घेतात आणि भाजी ताटात ठेवतात, तेव्हा हे सगळं एकदम चालू असू शकतं.

नाकाच्या या गोष्टीत एक नाक उलटंही आहे. स्कॉटलंडच्या पर्थमधल्या परिचारिका जॉय मिल्न यांना आपल्या पतीच्या अंगाला कस्तुरीसारखा वेगळाच वास येऊ लागला. पार्किन्सनचं निदान झालं त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. पुढे रुग्णांच्या एका मेळाव्यात तोच वास सगळीकडून आला, तेव्हा त्यांनी तो शास्त्रज्ञांच्या कानावर घातला. एडिनबरामध्ये परीक्षा झाली. रुग्णांनी आणि निरोगी माणसांनी वापरलेले टी-शर्ट त्यांना हुंगायला दिले. त्यांनी सगळे रुग्ण ओळखले, फक्त एका निरोगी माणसालाही रुग्ण ठरवलं. काही महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सनचं निदान झालं. मँचेस्टरच्या रसायनशास्त्रज्ञांनी 2019 मध्ये या वासाचा माग त्वचेवरच्या तेलकट स्रावापर्यंत काढला. जो आजार रुग्णाचा वास हिरावून घेतो, त्याला स्वतःचा वास आहे.

मिरची शाबूत असते

आता पुन्हा ताटाकडे वळू. वास गेलेल्या माणसाला दाल-पानियातलं काय उरतं? खारट, आंबट, गोड उरतं. ऊन-गार कळतं. मक्याचा रवाळपणा आणि तुपाचा ओशटपणा कळतो. आणि मिरची चक्क तशीच्या तशी लागते.

कारण तिखट ही मुळात चवच नाही. आयुर्वेदानं षड्रसांत कटू आणि कषाय यांना जागा दिली, ती तोंडाला जे जे जाणवतं त्या सगळ्याचा विचार करून. आजच्या शरीरशास्त्राच्या हिशोबात या दोन्हींच्या वाटा जिभेच्या पाच चवींहून वेगळ्या आहेत. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या ग्राहकाला जागं करतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 मध्ये तो ग्राहक शोधला आणि 2021 च्या नोबेलमध्ये या शोधाचा वाटा होता. हा निरोप चेहऱ्याच्या त्रिशाखी नसेवरून जातो. पुदिन्याचा गारवा, मोहरीचा नाकातला ठसका, आल्याचा चरचरीतपणा, लवंगेची झिणझिण यांचीही वाट तीच. पार्किन्सनमध्ये ही नस बरीचशी शाबूत राहते, असं अभ्यासांत दिसलं आहे.

याचा स्वयंपाकघरात सरळ उपयोग आहे. माळव्यातल्या ताटाला तर तो फुकटात मिळतो: रतलामी शेवेतली लवंग-मिरी, पोह्यांवरचं लिंबू, मांडूच्या बाजारात मिळणाऱ्या गोरखचिंचेचा आंबट गर. भाजी फिकी लागते म्हणून मीठ-साखर वाढवत नेण्यापेक्षा आंबट, तिखट, गार-गरम आणि कुरकुरीत यांची जोडी लावावी. मऊ खिचडीवर भाजलेला पापड चुरावा, दह्यात पुदिना घालावा, वरणावर ताजी मिरी दळावी. अट एकच, गिळताना ठसका लागत असेल तर कोरडं आणि भुरभुरीत खायला देण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पार्किन्सनमध्ये गिळण्याचे स्नायूही मंदावतात. लेव्होडोपाची गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात, कारण डाळी-दुधातली प्रथिनं आतड्यात शोषली जाताना तिच्याशी चढाओढ करतात.

वास गेल्याचे धोकेही ध्यानात ठेवायला हवेत. गॅस सिलेंडरमधल्या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी ही सगळी व्यवस्था निकामी. आंबलेली डाळ, नासलेलं दूध, चुलीबाहेर पडलेला निखारा यांचंही तसंच. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरात गॅसगळतीचा अलार्म लावणं आणि डब्यांवर तारीख लिहिणं हे दोन्ही स्वस्त उपाय आहेत.

नाकाला पुन्हा थोडं कामाला लावता येतं का? ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटानं 2009 मध्ये वासाचा एक सोपा व्यायाम मांडला: रोज सकाळ-संध्याकाळ चार ठरावीक वास प्रत्येकी काही सेकंद मन लावून हुंगायचे, असं बारा आठवडे. 2013 मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांवर तो करून पाहिला. ज्यांनी व्यायाम केला त्यांच्या वास ओळखण्यात थोडी पण मोजता येण्याजोगी सुधारणा झाली. ते चार वास होते गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. चारही आपल्याकडे कोणत्याही घरात किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सापडावेत.

वास तपासायच्या परीक्षेत मात्र आपली अडचण होती. जगभर वापरली जाणारी चाळीस वासांची अमेरिकन चाचणी कागद घासून हुंगायची असते, आणि तिच्यात रूट बिअर या अमेरिकन पेयासारखे वास असतात. डहीच्या आजीनं रूट बिअर ओळखली नाही, तर दोष नाकाचा की कागदाचा? म्हणून आपल्या लोकांच्या ओळखीचे वास घेतलेली एक भारतीय चाचणी पार्किन्सनच्या रुग्णांवर वापरून, दिल्लीच्या चेताविकारतज्ज्ञांनी तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध केले.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांत शुभार्थी (म्हणजे रुग्ण) आणि त्यांचे शुभंकर (म्हणजे काळजी घेणारे) एकत्र जमतात, घरात येणाऱ्या अडचणी एकमेकांना सांगतात. डहीसारख्या गावाजवळ अशी सोय नाही. न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचं तर इंदूर किंवा बडोद्याचा रस्ता धरावा लागतो. म्हणूनच जाताना सोबत नेलेली माहिती नेमकी हवी. हात कधी थरथरू लागला हे तर सांगाच, पण वास कधीपासून येईनासा झाला, पोट कधीपासून साफ होत नाही, हेही सांगा. रुग्णाला ते आठवेलच असं नाही. घरात जो रोज फोडणी घालतो, त्याला मात्र “आज लसूण नाही का?” हा प्रश्न पहिल्यांदा कधी ऐकला ते बहुधा आठवत असतं. तपासणीच्या खोलीत त्यालाही बरोबर घेऊन जा.